वाळ्याच्या ताटीखालची जीप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या खात्याचे माजी प्रमुख आणि माझे एके काळचे साहेब, माननीय गोपाळराव हरकरे; त्यांच्या शेजारी बसलेले आपले विद्यमान साहेब; आजचे सत्कारमूर्ती श्री. धोंडबा मेश्राम, पहिल्या रांगेत पदर सावरून बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती तुळसाबाई, खात्यातले आजी-माजी सहकारी, आणि आत न येता दाराशीच उभं राहून अल्पोपाहाराच्या टोपल्यांवर नजर ठेवणाऱ्या बंधू-भगिनींनो,

भाषणाला सुरुवात करण्यापूर्वी मला या सभेपुढे एक गाऱ्हाणं मांडायचं आहे. विषय गंभीर आहे, म्हणून कुणी हसू नये.

संयोजकांनी मला जिथे बसवलं, त्या खुर्चीच्या बरोबर मागे कूलर आहे. मे महिन्यात, आपल्या या नागपुरात, कूलरपुढची खुर्ची म्हणजे मोठा मान, हे मला कळतं. पण हा कूलर वारा देत नाही. हा कूलर पाणी देतो. थोडं थांबून, नेम धरून, नेमकं मानेवर. आधीच्या वक्त्यांची भाषणं चालू असताना मी मधूनमधून एकदम ताठ होऊन बसत होतो, ते त्यांच्या विचारांनी भारावून नव्हे, हे त्यांनी कृपया नोंद करून घ्यावं. शेवटी मी संयोजकांना खुणेनं जवळ बोलावलं आणि विचारलं, "हे काय आहे हो?" तर म्हणाले, "पाणी जरा जास्तच टाकलं आहे. मुद्दाम तुमच्यासाठी."

मुद्दाम तुमच्यासाठी! सभ्य गृहस्थहो, या शहरात आजवर जेवढी नासधूस झाली असेल, ती दुष्टपणानं फार थोडी झाली. बाकीची सगळी या दोन शब्दांनी केली. आणि आज मी जे सांगणार आहे, त्याचंही मूळ तिथंच आहे.

सत्काराच्या भाषणात सत्कारमूर्तीचे गुण सांगायचे असतात. धोंडबांची मला पंचाईत अशी, की त्यांचा गुण एकच आहे. सांगितलेलं काम ते करतात. तुम्ही हसता आहात, पण सरकारी खात्यात हा गुण किती धोक्याचा आहे याची तुम्हाला कल्पना नाही. आपलं खातं उभं आहे ते सांगितलेलं काम विसरणाऱ्यांच्या खांद्यावर. (आपल्या खात्याचं नाव मी घेत नाही. मागच्या फलकावर ते आहे आणि ते एवढं लांब आहे, की म्हणेपर्यंत चहा निवेल.) दहा जणांनी विसरायचं आणि मग अकराव्यानं आठवण करून द्यायची, या चालीवर आपली गाडी सुरळीत चालते. अशा ठिकाणी एखादा माणूस रोज, न चुकता, न सांगता, वर थोडं जास्तच काम करू लागला, तर काय अनर्थ होतो, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. अध्यक्षमहाराजांनीही पाहिलं आहे. ते आत्ताच रुमाल शोधू लागले आहेत, म्हणजे त्यांच्या लक्षात आलं, मी कशावर येतो आहे.

मी येतो आहे जीपवर.

नव्या मंडळींसाठी सांगतो. एकाहत्तर साली आपलं ऑफिस सदरमधल्या त्या जुन्या दुमजली बंगल्यात होतं. वरच्या मजल्यावर साहेबांची खोली, खाली आम्ही. साहेबांच्या पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याची ताटी, खिडकीखाली एक कडुनिंब. साऱ्या आवारात सावली म्हणावी अशी तेवढीच. आणि खात्याला एक जीप होती, लढाईच्या काळातली. तिनं लढाईत काय पराक्रम केला ते ठाऊक नाही. आमच्याकडे आली तेव्हा ती पेन्शनीत निघाल्यासारखीच होती. पण चालत होती. तिला चालवणारे बळीरामभाऊ, ते पाहा, तिसऱ्या रांगेत बसलेत, त्यांनी तिला मुलीसारखं सांभाळलं होतं. आणि त्यांची खरी मुलगी जया, तिची सोयरीक त्याच उन्हाळ्यात जुळत होती. हे लक्षात असू द्या.

एप्रिलच्या शेवटी जीपला मिसिंग लागलं. मिसिंग म्हणजे काय, तर इंजिनाला चार सिलिंडर असतात. चौघांनी आपापल्या पाळीला पेट घ्यायचा. त्यातला एखादा पाळी चुकवतो. आपल्या खात्यातल्या लोकांना ही कल्पना आणखी समजावून सांगावी लागू नये. मग इंजिनाचा ठोका चुकतो, फट् असा आवाज होतो, सगळी जीप उचकी लागल्यासारखी हलते आणि आत बसलेल्याची टोपी पुढे येते.

हे रोज झालं असतं तर बरं होतं. कायमच्या आजाराचं एक असतं, माणूस त्याची सवय करून घेतो. पण हा आजार पाहुण्यासारखा. आला तर आला, नाही तर नाही. सकाळी साहेबांना घरून आणताना जीप अशी चाले, जशी कालच कारखान्यातून निघाली. दुपारी मी टपालासाठी नेली, सुरेख. साहेब दौऱ्यावर बाहेरगावी रेल्वेनं गेले, तेव्हा आठवडाभर आम्ही सगळ्यांनी तिला पिटाळली, एक फट् नाही. पण साहेब ऑफिसात असले आणि चार वाजता रोजच्या फेरीला म्हणून खाली उतरून तिच्यात बसले रे बसले, की फाटकापासून कडबी चौकापर्यंत फट् फट् फट्! आणि कडबी चौक ओलांडला, की पुन्हा गाय.

ऑफिसात काय बोललं जायचं ते मी अध्यक्षांसमोर सांगणार नाही. एवढंच सांगतो, की शांतीसाठी कुठे नारळ फोडावा यावर आमच्यात दोन पक्ष पडले होते.

जीप जरीपटक्याला लछमनदासकडे नेली. लछमनदास म्हणजे त्या भागातले मोठे मिस्त्री. त्यांनी बॉनेट उघडलं, पेचकसाची मूठ कानाला लावली, टोक इंजिनाला टेकवलं, डोळे मिटले. आम्ही श्वास रोखून उभे. मग डोळे उघडून म्हणाले, "साब, इंजन तो सोने के माफिक चल रहा है."

"अहो, पण ती साहेब बसले की बिघडते!"

"तो साब को मत बिठाओ."

हा सल्ला, मला आजही वाटतं, अमलात आणण्यासारखा होता. पण आम्ही पडलो आज्ञाधारक. म्हणून लछमनदासनं प्लग बदलले. मिसिंग तसंच. मग पॉइंट बदलले, मग कंडेन्सर, मग कॉइल. कार्बुरेटर खोलून धुतला. दर वेळी त्यांच्या दारात जीप उत्तम चाले, दर वेळी ते मला विजयी मुद्रेनं निरोप देत, आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी चार वाजता साहेबांची टोपी पुढे येई. शेवटी त्यांनी निदान केलं, "ये गरमी का दोष है. पेट्रोल पाइप में ही उबल जाता है. पंप पे गीला कपडा बांधो और गाडी ठंडे में खडी करो."

सभ्य स्त्री-पुरुषहो, हे निदान बिनचूक वाटण्यासारखंच होतं. बाहेर शेहेचाळीस डिग्री. डांबर पायाला चिकटत होतं. अशा दिवसांत कुठलीही गोष्ट बिघडली, तरी दोष उन्हाचाच असणार, यात नागपूरच्या माणसाला शंका येईल का? बळीरामभाऊंनी पंपाला ओलं फडकं बांधलं. आणि जीप आतापर्यंत कडुनिंबाच्या सावलीच्या कडेला उभी असायची, ती त्यांनी अगदी आत, भिंतीला लागून, साहेबांच्या खिडकीच्या बरोबर खाली उभी करायला सुरुवात केली. दुपारी दोनला लावायची आणि आपण पोर्चमध्ये जाऊन पडायचं, साहेबांची घंटा होईपर्यंत.

मिसिंग दुप्पट झालं!

आता साहेबांचं डोकं फिरलं. क्षमा असावी अध्यक्षमहाराज, पण फिरलं. आणि का फिरू नये? रोज सगळं ऑफिस खिडक्यांतून बघतंय, साहेब गाडीत बसताहेत, गाडी उचक्या देते आहे. माणसाला वाटणारच, की ही काहीतरी मिलीभगत आहे. एके दिवशी त्यांनी बळीरामला वर बोलावलं. दार उघडं होतं आणि आमचे कानही.

"मिस्त्रीसमोर चालते, यांच्यासमोर चालते, माझ्यासमोर मरते. गाडी आहे की माणूस?"

"साहेब, मलेबी समजून नाही राहिलं."

"मला समजून राहिलं आहे. तू पेट्रोल विकतोस. वरून रॉकेल टाकतोस."

बळीराम खाली आला, जीपच्या बंपरवर बसला आणि मला म्हणाला, "बाबूजी, चोर म्हटलं जी मले. पोरीचे सोयरे येत्या रविवारी येऊन राहिले. त्यायले कोणी सांगतलं, का पोरीचा बाप सरकारी पेट्रोल चोरते, तं?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ज्याच्याजवळ उत्तर नसतं त्याला आपल्या खात्यात चौकशी अधिकारी नेमतात, त्याप्रमाणे माझी नेमणूक झाली. माझी योग्यता काय? तर माझे दोन विनोदी लेख दिवाळी अंकांत छापून आले होते. साहेब म्हणाले, "तुम्हाला जगात सगळीकडे खोट दिसते. मग इंजिनातली दिसणार नाही का?"

मी चौकशी केली. टाकीतलं पेट्रोल काढून कागदावर टाकलं. उडून गेलं, डाग राहिला नाही. म्हणजे रॉकेल नाही. साहेबांना जाऊन सांगितलं. साहेब म्हणाले, "आज नसेल टाकलं." दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. "तुम्ही पाहणार हे त्याला कळलं असेल." आता या युक्तिवादापुढे कोण टिकणार? निर्दोष सापडणं हाच हुशार चोराचा पुरावा! मी जीपमधून सकाळी हिंडलो, रात्री हिंडलो, एकटा हिंडलो, बळीरामला बाजूला बसवून स्वतः चालवून पाहिली आणि फाटकाचा खांब थोडा वाकवला. मिसिंग नाही ते नाहीच. त्या दिवसांत मला माणसाच्या शोकाची एक नवी जात कळली. सगळं नीट चालू असतं आणि माणूस कपाळ धरून बसतो.

आणि या सगळ्या काळात आपले सत्कारमूर्ती काय करत होते?

ते आपलं काम करत होते. दुपारचा चहा यायच्या आधी ताटीला पाणी मारायचं, हे काम त्यांना कधीतरी कुणीतरी सांगितलं होतं. वरच्या गॅलरीतून, बादलीनं, ताटी निथळेपर्यंत. साहेब ऑफिसात असतील त्या दिवशी मारायचं, नसतील तर नाही. ते मला एकदा जिन्यात भेटले. दोन्ही हातांत बादल्या. मी म्हटलं, "काय धोंडबा, दोन दोन?"

तर हळूच म्हणाले, "बाबूजी, साहेबाचं डोस्कं लई तापून राहिलं. थंड राहिलं तं बळीरामभाऊवर जरा कमी भडकंल. म्हणून म्या दोन बादल्या वाढवल्या."

मला भरून आलं हो! म्हटलं, अरे, एवढ्या या रुक्ष खात्यात एक माणूस आपल्या मित्रासाठी, कुणी न सांगता, भर उन्हात वरच्या मजल्यावर पाणी वाहतो आहे. माझे डोळे पाणावले. त्याच वेळी खाली इंजिनही पाणावत होतं, याची मला काय कल्पना!

तुम्हाला आता सगळं दिसतं आहे, होय ना? मागच्या रांगेतले तर मान हलवताहेत. तुम्हाला दिसेल. तुम्ही थंड सभागृहात, खुर्चीवर बसून ऐकता आहात. पण मे महिन्यातल्या नागपुरात, जिथे नळाला धार धरायला माणसं पहाटेपासून उभी असतात, तिथे मोटारीच्या इंजिनात पाणी गेलं असेल ही शंका घेणारा माणूस आईच्या पोटी जन्मायचा आहे. बॉनेटवर पडलेलं पाणी तर बळीराम पोर्चमधून येईपर्यंत वाळून खडखडीत व्हायचं.

शेवटी तो शुक्रवार आला. साहेबांनी निकाल देऊन टाकला, "आज मी बसतो. चौकशी अधिकारी मागे बसतील. आज गाडीनं मिस मारलं, तर उद्यापासून बळीराम नाही. आणि का नाही, ते मी सगळ्यांना सांगणार आहे." रविवार परवावर होता. बळीरामचा चेहरा असा झाला होता, की मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

धोंडबांनी तो चेहरा बघितला होता. आणि त्या दिवशी त्यांनी बादल्या मोजायचंच सोडून दिलं.

चार वाजले. साहेब उतरले. मी मागे बसलो. आमच्या टायपिस्ट यमुताई, त्या आज इथे आल्या आहेत, त्यांना कडबी चौकाशी सोडायचं होतं, त्या माझ्या शेजारी. बळीरामनं किल्ली फिरवली. फट्. पुन्हा फिरवली. फट्, फट्, आणि बंद. जीप जागची हललीदेखील नाही. साहेब समोर बघत राहिले. त्यांच्या मानेची शीर मात्र मला मागून दिसत होती. बळीरामनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि कपाळ त्यावर टेकलं.

 तेवढ्यात यमुताईंनी नाक उचललं आणि म्हणाल्या, "बाई! या गाडीला खसचा वास काहून येऊन राहिला?"

साहेब चिडून म्हणाले, "रोजच येतो. बळीराम अत्तर लावत असेल. तेवढं मात्र करतो चांगलं."

बळीरामनं मान वर केली. "मी कायले अत्तर लावतो साहेब? मले तं इतके दिवस वाटे, का हा तुमचाच वास हाये."

यावर हसण्याची परवानगी नसल्यानं मी खाली उतरलो. जीपला वळसा घालून इंजिनापाशी आलो, आणि माझ्या मानेवर एक थेंब पडला.

मघाचा कूलर आठवतो ना? अगदी तस्सा. नेम धरून. मी मानेला हात लावला, बोटांचा वास घेतला. यमुताईंचा खस, म्हणजे आपला वाळा. वर पाहिलं. आकाशात ढगाचं बोट नाही. कडुनिंबाच्या पानांतून मला दिसली एक तिरपी बादली, आणि तिच्यामागे धोंडबांचे दोन हात. ताटीतून निथळलेलं पाणी खिडकीच्या कठड्यावरून, भिंतीच्या कडेनं, सरळ जीपच्या बॉनेटवर येत होतं आणि बिजागरीच्या फटीतून आत जात होतं.

मी ओरडलो, "धोंडबा! थांबा!"

वरून आवाज आला, "थांबतो जी! एक बादली उरली हाये. साहेब वापस आले का डोस्कं थंड राहाले पाह्यजे!"

आणि तीही आली.

बॉनेट उघडलं. इंजिनाला एक काळी टोपी असते, डिस्ट्रिब्युटरची. चारी सिलिंडरना ठिणगी वाटून देण्याचं काम तिच्याकडे. तिला केसाएवढी चीर गेली होती. कोरड्यात कुणाला दिसणार नाही अशी. पाणी चिरेतून आत गेलं, की ठिणगी सिलिंडरकडे जायच्या ऐवजी ओल्या वाटेनं भलतीकडेच जायची. कडबी चौक येईपर्यंत इंजिन तापून सगळं वाळून जायचं. लछमनदासच्या दारात काय सापडणार, कपाळ?

बळीरामनं दुपट्ट्यानं टोपी आतून-बाहेरून कोरडी केली. किल्ली फिरवली. इंजिन असं चालू झालं, की साहेबांनी स्वतःच मागे वळून पाहिलं, दुसरी कुठली गाडी आली का म्हणून.

पण साहेब म्हणाले, "हा योगायोग असेल." मोठ्या हुद्द्याच्या माणसाला पहिल्या दमात पटलं तर हुद्दा कसला? पुरावा हवा. एव्हाना धोंडबा धावत खाली आले होते, हातात त्यांचा पाणी प्यायचा पितळी गडवा. म्हटलं, "धोंडबा, द्या इकडे." मी गडवाभर पाणी बिजागरीच्या फटीत सोडलं. फट्! टोपी पुसली. सुरेख. पुन्हा पाणी. फट्! मग साहेबांनी गडवा माझ्या हातातून काढून घेतला. "मला करू द्या." आणि अध्यक्षमहाराज, तुम्ही नाही म्हणू नका, यमुताई साक्षीला आहेत. तुम्ही ते पुन्हा पुन्हा केलंत. कोट ओला झाला तरी केलंत. पाणी, फट्, पुसा. पाणी, फट्, पुसा. इतके दिवस ज्या आवाजानं तुमची झोप उडवली होती, तो आवाज आता तुमच्या हुकमानं होत होता. एवढं आनंदी मी तुम्हाला पगारवाढीच्या दिवशीही पाहिलं नाही.

धोंडबा मात्र भिंतीला टेकून उभे होते. त्यांना आता कळलं होतं. बळीराम त्यांच्यापाशी गेला. मला वाटलं, आता हा याचा गळा धरतो.

"काहून गा धोंडबा! तू मले बुडवाले निंगाला होता?"

"मी तं तुह्यासाठी साहेबाले थंड करून राहिलो होतो गा!"

"मंग साहेबावर टाकाची होती ना बादली, सरळ!"

आणि दोघंही असे हसले, की खाली बसले. रविवारी सोयरे आले. जीपमधूनच त्यांना स्टेशनवरून आणलं. कुणाच्या परवानगीनं, ते मी विचारलं नाही, कारण परवानगी देणारे आज अध्यक्ष आहेत.

साहेबांनी बळीरामची माफी मागितली का? साहेब लोक माफी मागत नाहीत, परिपत्रक काढतात. "यापुढे शासकीय वाहन कडुनिंबाखाली उभे करू नये." मिसिंग बंद झालं. पुढच्या दिवशी चार वाजता साहेब उन्हात तापलेल्या सीटवर बसले आणि त्याहून वेगानं उठले. मग सीट थंड ठेवण्याचं काम कुणाला सांगितलं असेल? बरोबर. बादली घेऊन. त्या हकिकतीला दुसरा समारंभ लागेल.

आता हसणं झालं. थोडं राहिलं आहे.

त्या गडबडीत साहेबांनी गडवा खाली ठेवला, "चल बळीराम, घे गाडी!" म्हणाले, आणि बळीरामनं आनंदाच्या भरात जीप मागे घेतली. चाक गडव्यावरून गेलं. तो पार चपटा झाला. मी तो उचलला आणि धोंडबांना म्हणालो, "उद्या ठोकून आणतो." ते म्हणाले, "राहू द्या बाबूजी."

हा गडवा धोंडबा नोकरीला लागल्या दिवसापासून घरून आणत. तेव्हा आपल्या ऑफिसच्या माठावर कुणी आपल्या हातानं पाणी घ्यायचं आणि कुणी नाही, याचे काही नियम होते. ते कुठेही लिहिलेले नव्हते आणि तेवढेच नियम आपलं खातं कडकपणे पाळत होतं. धोंडबांनी वाद घातला नाही. गडवा आणला. पुढे नियम करणारे एकेक करून सेवानिवृत्त झाले, त्यांचेही असेच सत्कार झाले, भाषणं मीच केली. गडवा मात्र येतच राहिला. आणि त्या शनिवारी तो नव्हता. दुपारी धोंडबा माठापाशी येऊन नुसते उभे राहिले. यमुताईंनी टाइप करता करता उठून माठावरचा पेला भरला आणि त्यांच्या हातात दिला. म्हणाल्या, "घ्या नं. काय पाहून राहिले?" मग रोज तोच पेला. त्यावर कुणी परिपत्रक काढलं नाही.

तर अशा या धोंडबांना आपण आज निरोप देतो आहोत. खात्यानं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आहे. ज्या माणसाची वेळ कधी चुकली नाही त्याला घड्याळ, हे आपल्या खात्याला शोभेसंच आहे. अध्यक्षांनी एवढं सगळं तोंडावर ऐकून घेतलं आणि घंटी वाजवली नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. बळीरामभाऊ आणि यमुताई साक्षीला आले, त्यांचा आभारी आहे. आपण सर्वांनी चिवड्याच्या वासातही माझ्याकडे लक्ष दिलंत, हे तर फारच. माझी जीभ कुणाला लागली असेल, तर ती सवयीनं लागली, हेतूनं नाही. पदरात घ्यावं. कूलरचं गाऱ्हाणं मात्र मी मागे घेत नाही.

आणि तुळसाबाई, तुम्ही जरा पुढे या. घड्याळाशी याचा संबंध नाही, हे सत्कारातही धरू नका. दर उन्हाळ्यात तुम्ही यांना विचारत होता, "माह्या माहेरचा गडवा कुठं हाये जी?" आणि हे सांगत होते, "ऑफिसात हाये." ते खरं होतं. तो माझ्या टेबलाच्या खालच्या खणात होता. इतवारीतल्या तांबटानं परवा ठोकून दिला. बुडाशी चाकाची चेप थोडी राहिली आहे, ती निघाली नाही. तुमचं नाव मात्र वाचता येतं. धरा.

भांडं रिकामं परत देऊ नये, असं आमच्या घरी पाळतात. म्हणून आत वाळ्याची एक जुडी ठेवली आहे. घरच्या माठात टाका. पाणी तुम्हीच भरा. यांना सांगू नका, जास्त होईल.